डिझेलचा मालक

"मॅडम, कुत्रा असो की पोरगं, मालक कोण ते त्याला एकदा कळलं पाहिजे," चंद्रहास म्हणाला आणि त्याने पिशवीतून गळ्यात घालायची साखळी काढली. साखळीला आतल्या बाजूने लोखंडी दाते होते. "महिन्याभरात सरळ करून देतो. लेखी गॅरंटी."

हिल्डाने साखळी हातात घेतली, दात्यांवरून अंगठा फिरवला आणि परत केली.

घरामागे जांभळाला बांधलेला डिझेल भुंकून भुंकून घसा फोडत होता. ओटीवर आरामखुर्चीत तिचा नवरा रॉबर्ट बसला होता. त्याचा उजवा हात मांडीवर ठेवल्यासारखा पडलेला, मान मात्र भुंकण्याच्या दिशेने वळलेली.

रॉबर्टचा जन्म एसटीच्या स्टेअरिंगमागे गेला. आगारात उभ्या असलेल्या गाडीखाली एका थंडीत त्याला हे पिल्लू सापडलं, अंगभर तेलाने माखलेलं. म्हणून नाव डिझेल. अर्धा अल्सेशियन, अर्धा गावठी. गेल्या गणपतीत रॉबर्टला झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. समजत सगळं होतं, शब्द तेवढे येत नव्हते. विरारहून परेश नावाचा फिजिओथेरपिस्ट यायला लागला. एकदा त्याने रॉबर्टचा आखडलेला हात वर उचलला, रॉबर्ट कळवळून ओरडला आणि डिझेलने परेशच्या मनगटाचा लचका तोडला. परेश बिचारा भला माणूस. टाके घालून आल्यावर एवढंच म्हणाला, "काकी, कुत्रा घरात असेपर्यंत मला नाही जमणार."

डॉक्टर सांगत होते, हेच महिने महत्त्वाचे, व्यायाम चुकवू नका. मुलगी मेलिसा आणि जावई कॅल्विन यांनी तोडगा काढला, चांदीपला एका मित्राची वाडी आहे, तिथे कुत्रा सोडून येऊ. हे बोलणं रॉबर्टच्या समोरच झालं. त्या दिवशी त्याने ताट डाव्या हाताने बाजूला सारलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

हिल्डाने सरकारी इस्पितळात नर्स म्हणून उभी हयात काढली होती. भल्याभल्या डॉक्टरांना ती तोंडावर 'हे चुकतंय' म्हणायची. ती मेलिसाला म्हणाली, "कुत्रा कुठं जानार नाय. आणि परेशही येनार."

"मम्मी, दोन्ही कसं होणार?"

"शिकवनारा मानूस शोधायचा. नीट बघून."

कॅल्विनने शोधून पाठवलेला पहिला माणूस म्हणजे हा चंद्रहास. आपलं काम दाखवायला त्याने स्वतःचा डॉबरमन बरोबर आणला होता. कुत्रा खरोखर तयार होता. बस म्हटलं की बसला, लोळ म्हटलं की लोळला, अंगणाच्या टोकाला जाऊन पुतळ्यासारखा उभा राहिला. कुंपणापलीकडून बघणारी शेजारची पोरं टाळ्या वाजवायला लागली. हिल्डालाही क्षणभर वाटलं, असा झाला आपला डिझेल तर काय वाईट?

तेवढ्यात चंद्रहासने कपाळावरचा घाम पुसायला हात वर केला. डॉबरमन एकदम जमिनीला चिकटला. डोळे मिटून, कान मागे पाडून.

इस्पितळात असा एक वॉर्डबॉय होता. तो आत आला की म्हातारे पेशंट चादर गळ्यापर्यंत ओढून घ्यायचे. कुणी तक्रार केली नव्हती, हिल्डाने त्या चादरींवरूनच ओळखलं होतं आणि त्याला तिथून हलवलं होतं.

"आमचा डिझेल का चावला असेल?" तिने विचारलं.

"माजलाय, दुसरं काय!" चंद्रहासने रॉबर्टकडे ओझरतं बघितलं. "यांना काही कळत नाही ना? मग तुम्हालाच दम द्यावा लागणार त्याला."

"त्यांना सगळं कळतं," हिल्डा म्हणाली. "बसा, चहा घ्या. काम मात्र तुम्हाला द्यायचं नाय."

संध्याकाळी मेलिसाचा फोन आला. "मम्मी, एवढा मोठा ट्रेनर! त्याच्याकडे सर्टिफिकेटं आहेत."

"सर्टिफिकेट मी वाचलं. त्याचा कुत्रासुद्धा वाचला."

दुसरं नाव गुरांच्या डॉक्टरांनी दिलं. उन्नती सावे, विरारला राहते, बंगळूरला दोन वर्षं राहून कुत्र्यांना कसं शिकवायचं ते शिकून आलेली. हिल्डाने फोन लावला आणि नव्या नर्सची मुलाखत घ्यावी तशी प्रश्नांची फैर झाडली. कुणाकडे शिकलीस? किती कुत्री हाताखालून गेली? चावरी किती? आणि शेवटी, "कुत्र्याने ऐकलं नाय तर काय करतेस?"

"तर माझं काहीतरी चुकतंय, ते शोधते," पलीकडून उत्तर आलं. "मावशी, माझ्यावर विश्वास ठेवू नका. मी शिकवलेले कुत्रे जाऊन बघा. पत्ते देते."

हिल्डा खरंच गेली. पाचूबंदरला मार्था नावाची कोळीण दारात बसून जाळं शिवत होती. शेजारी एक आडदांड काळा कुत्रा पसरला होता. हिल्डाने आधी मार्थाशी न बोलता हात डोक्याच्या वर नेला. कुत्र्याने मान उचलून बघितलं, उठून आला आणि तिचा खाली आलेला तळवा हुंगला.

"ती पोरगी मारते का गं?" हिल्डाने विचारलं.

"मारील कशाला, बाय?" मार्था हसली. "कुत्र्याला कमी नि आमालाच जास्ती शिकवून गेली. त्याच्या जेवना-पान्याची वेळ लावली, पोरांचं दगड मारनं बंद केलं. पन वेळ लागतो हा! घाई असंल तर तिला बोलवू नको."

दोन दिवसांनी उन्नती आली. तिशीच्या आतली, खांद्याला कापडी झोळी. डिझेलकडे गेलीच नाही. लांबूनच बघत राहिली आणि म्हणाली, "डोकं एका बाजूला झटकतोय. आधी कान तपासून घ्या. दुखत असताना कुणीच शिकत नाही." मग तिने विचारलं, "याला जेवण कोण घालायचं? फिरवायचं कोण?"

"सगळं हेच करायचे. हे पडले तेव्हापासून त्याचं फिरणं बंद, आणि चावला तेव्हापासून तो बांधलेलाच आहे. मला वेळ कुठे?"

उन्नतीने ओटीवरचं स्टूल ओढलं आणि रॉबर्टच्या समोर, त्याच्या नजरेच्या उंचीवर बसली. "काका, डिझेलला थांबवायचं असलं की तुम्ही काय करायचात?"

हिल्डाने उत्तर द्यायला तोंड उघडलं. उन्नतीने तिच्याकडे बघितलंही नाही. ती रॉबर्टकडेच बघत थांबली. बराच वेळ गेला. रॉबर्टचे ओठ हलले, आवाज आला नाही. मग त्याचा डावा हात उठला आणि तळवा सावकाश खाली आला. मागच्या गाडीला वेग कमी करायला सांगावं तसा.

"हळू?"

रॉबर्टने मान हलवली.

"मग हीच खूण ठेवू या. तोंडाने काही बोलायची गरजच नाही."

हिल्डाने तिथेच ठरवलं, हीच. पण मनात काहीतरी टोचलंही. गणपतीपासून रॉबर्टला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तीच देत आली होती. इस्पितळातली मोठी नर्स, आणि तिला हे दिसलं नव्हतं.

उन्नतीने गॅरंटी दिली नाही. "हा पुन्हा कधीच चावणार नाही असं कुणी सांगितलं तर त्याला दारातूनच परत पाठवा," ती म्हणाली. "तुमचं लक्ष कायम लागणार."

डिझेलचा कान आतून सडला होता. औषधाने तो बरा झाल्यावर शिकवणी सुरू झाली. डिझेल जांभळापासून सुटला आणि ओटीवर आला. रॉबर्टचा तळवा खाली आला आणि डिझेल बसला की उकडलेल्या कलेजीचा तुकडा. रॉबर्टचा हात थरथरायचा, तुकडा खाली पडायचा. डिझेल तो उचलून पुन्हा रॉबर्टच्या तोंडाकडे बघत बसायचा. परेश सुरुवातीला फाटकाबाहेरूनच कलेजी टाकायचा. एकदा डिझेल फाटकावर झेपावला, हिल्डा भडकून ओरडली, तेव्हा उन्नती शांतपणे म्हणाली, "मावशी, आज एवढंच. तुम्हीही दमलात." मेलिसा दर आठवड्याला फोनवर विचारायची, अजून किती? हिल्डा सांगायची, लागेल तेवढं.

नाताळ झाला आणि परेश आत आला. डिझेलच्या तोंडाला जाळी होती, उन्नती शेजारी होती. परेशने रॉबर्टचा उजवा हात हळूहळू उचलला. खांद्याच्या वर गेल्यावर रॉबर्ट ओरडलाच. डिझेल उठला, अंगावरचे केस ताठ झाले. परेश थिजला. हिल्डाचे पाय पुढे व्हायला लागले, उन्नतीने तिचं मनगट धरलं.

रॉबर्टच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याने डावा तळवा सावकाश खाली आणला. डिझेल कुंईकुंई करत राहिला, पण बसला.

"काका, शाब्बास!" परेश ओरडला आणि मग स्वतःच हसायला लागला. "कुत्र्याला म्हणायला पाहिजे ना?"

"नाही, बरोबर म्हणालास," उन्नती म्हणाली.

रॉबर्टचं बोलणं परत आलं नाही. काठी टेकून तो फाटकापर्यंत जायला लागला, त्यापुढे मजल गेली नाही. डॉक्टरांनीही आणखी आशा दाखवली नाही.

ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून गॅब्रिएल आला. रॉबर्टच्या गाडीवरचा वर्षानुवर्षांचा कंडक्टर. आजारपणात तो अधूनमधून यायचा, खुर्चीपासून लांब उभा राहायचा आणि हिल्डाला विचारायचा, जेवतो का, झोपतो का, ओळखतो का. आज हातात झावळी घेऊन तो फाटकाबाहेरच अडला. आत डिझेल उभा राहून गुरगुरत होता. रॉबर्ट ओटीवर काठी घेऊन बसला होता.

"हिल्डा बाय, कुत्र्याला धर गं!" गॅब्रिएलने हाक मारली.

हिल्डा पदराला हात पुसत दारात आली आणि उंबऱ्यातच थांबली.

"मला नको सांगू. कुत्रा त्याचा आहे. त्याला विचार."

गॅब्रिएल गोंधळला. या हातातली झावळी त्याने त्या हातात घेतली. मग कित्येक महिन्यांनी त्याने रॉबर्टच्या डोळ्यांत सरळ बघितलं.

"रॉबर्ट... येऊ का रे आत?"

रॉबर्टने घाई केली नाही. त्याने आधी डिझेलकडे बघितलं, मग गॅब्रिएलकडे. तळवा खाली आला, डिझेल बसला. इतकी वर्षं गॅब्रिएलने दोनदा घंटी दिल्याशिवाय रॉबर्टने गाडी जागची हलवली नव्हती. आता गॅब्रिएल कडीवर हात ठेवून उभा होता.

रॉबर्टने हात वर केला आणि दोन बोटं आत वळवली.

गॅब्रिएलने फाटक उघडलं.