उतरव म्हणेपर्यंत

कातळ चढायला जायचा दिवस आम्ही तीन महिन्यांपूर्वी ठरवला होता आणि नवऱ्याने घर सोडायचं ठरवलं दोन आठवड्यांपूर्वी. लेकीने कॅलेंडरवर त्या तारखेला लाल गोल करून ठेवला होता, त्यामुळे बेत रद्द करायची हिंमत दोघांनाही झाली नाही. मग असं ठरलं, की सकाळी चढायचं, दुपारी जेवायचं आणि जेवण झालं की तिला बाजूला घेऊन सांगायचं, उद्यापासून बाबा दुसरीकडे राहणार.

'ठरलं' म्हणजे त्याने ठरवलं. त्या दिवशी मी भांडी पुसत होते. त्याने नळ बंद केला आणि म्हणाला, आता जमत नाही. मला वाटलं, गळक्या नळाबद्दल बोलतोय. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. लोकांना जवळचं किती दिसतं हे सांगायचा मला पगार मिळतो, पण माझ्याच घरात मला काही म्हणजे काही दिसलं नव्हतं.

नऊ वर्षांच्या आमच्या लेकीला सगळे खार म्हणतात, कारण तिचा पाय जमिनीवर ठरत नाही. सासूबाई घडीची खुर्ची आणि उकडलेली अंडी घेऊन आल्या होत्या. आणि हा सगळा घाट घालणारा मास्तर, म्हणजे नवऱ्याचा कॉलेजपासूनचा मित्र, सुट्टीच्या दिवशी लोकांना कातळ चढायला शिकवणारा. या तिघांना कशाचाच पत्ता नव्हता.

कातळ तीन मजल्यांएवढा उंच असेल. पाय ठेवायला जागोजागी खाचा होत्या, नवशिक्यांसाठी बरा होता. दोर वरच्या कडीतून ओवून खाली आणलेला. एक टोक चढणाऱ्याच्या कमरेच्या पट्ट्याला, दुसरं खाली उभ्या असलेल्याच्या हातात. मास्तरने एक नियम सगळ्यांकडून पाठ करून घेतला. वरचा माणूस 'उतरव' म्हणेपर्यंत खालच्याने त्याला उतरवायचं नाही, दोरावरचा हात काढायचा नाही आणि जागा सोडायची नाही.

मास्तरने एकदा चढून दाखवलं, खार दोनदा चढून आली. मग मास्तर म्हणाला, आता नवरा-बायको, खरी परीक्षा यांचीच. सगळे हसले. आम्हीही हसलो, आता इतकी सवय झाली होती.

नवऱ्याने माझी गाठ तपासली. ओढून पाहिली, आवळली, पुन्हा ओढून पाहिली. खाली वाकलेलं त्याचं डोकं माझ्या हनुवटीपाशी आलं आणि माझ्या मूर्ख मनाने लगेच उचल खाल्ली. वाटलं, इतकी काळजी करणारा माणूस जाईल कसा? मग आठवलं, हा लिफ्टची तपासणी करतो. मघाशी मास्तरची गाठही त्याने अशीच तीनदा ओढून पाहिली होती.

मी चढले. फारसं जड गेलं नाही. रागात माणूस बरंच काही करू शकतो. वरच्या कडीला हात लावला, खाली पाहिलं. सासूबाई अंडी सोलत होत्या. खार टाळ्या वाजवत होती. तो मान वर करून उभा होता, दोन्ही हात दोरावर. आता फक्त एक शब्द बोलायचा, की मी खाली जाणार, मग जेवण, मग ते सांगणं.

मी तो शब्द बोलले नाही.

कातळातल्या एका खोबणीत टेकले आणि गप्प बसले. जोवर मी बोलत नाही, तोवर हा माणूस मला टाकून कुठेही जाऊ शकत नव्हता. हे कळलं तेव्हा मला काय बरं वाटलं म्हणून सांगू! लाजही वाटली. चाळिशीची बाई, नवऱ्याला दोराने बांधून बसलेली. पण लाजेपेक्षा बरं वाटणं जास्त होतं.

मास्तरला वाटलं, मी घाबरले. तो धीर देऊ लागला, मागे रेल, दोरावर भार टाक. सासूबाई देवाचं नाव घेऊ लागल्या. मी का बसलेय हे खाली फक्त नवऱ्यालाच ठाऊक होतं. मास्तरने दोर मागितला तरी त्याने दिला नाही. वीस मिनिटं तो तसाच उभा राहिला.

मग खारीचा आवाज आला, रडवेला. "आई, ये ना खाली. मी आहे ना. माझ्यासाठी ये."

मी 'उतरव' म्हटलं.

खाली पोचले तशी ती मला येऊन बिलगली आणि स्वतःच माझी गाठ सोडवू लागली. नवऱ्याचे तळहात लालबुंद झाले होते. ती पाणी आणायला पळाली तेव्हा तो हळूच म्हणाला, "आज राहू दे. पुढच्या आठवड्यात सांगू."

"म्हणजे तू राहतोयस?"

"नाही," तो म्हणाला. "फक्त सांगायचं पुढे ढकलू."

तेवढ्याने माझं जे काही शिल्लक होतं तेही तुटलं. मी म्हटलं, मग आजच. आठवडाभर मी तिच्यासमोर खोटं हसणार नाही.

जेवण झाल्यावर आम्ही तिला कातळाच्या पलीकडे नेलं. सांगितलं मीच. खार रडली नाही. बुटांच्या नाड्यांकडे बघत राहिली. मग तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"म्हणून तू वर बसून राहिली होतीस?"

मी हो म्हटलं.

"मग खाली कशाला आलीस?"

तिनेच बोलावलं होतं, हे मी तिला सांगितलं नाही.