मर्जीचे पंचवीस शब्द

गढीच्या दिंडीदरवाजावर हरिबा तीस वर्षं उभा होता, पण दार राखणं हे त्याचं खरं काम नव्हतं. दार राखायला कुत्रंही पुरलं असतं. हरिबा अर्जुनराव देशमुखाची मर्जी वाचायचा आणि ती बाहेर सांगायचा. सकाळी देशमुख चौकात चूळ भरायला बसला की हा तांब्या घेऊन हजर. चूळ किती लांब गेली, तांब्या हळू ठेवला की आदळला, कुणाच्या आईचा उद्धार झाला, एवढ्यावर त्याला दिवस कळायचा. मग बाहेर येऊन ओट्यावर बसलेल्या गरजूंच्या पुढ्यात तो एक शब्द टाकायचा.

ते शब्द अख्ख्या गावाला पाठ. 'तब्येत हाय' म्हटलं की काय वाट्टेल ते मागा. 'मर्जी हाय' म्हणजे थोडकं मागा, तेही पाय धरून. 'लहर हाय' म्हणजे शेळी मागायला गेलात तर म्हैस मिळेल, नाहीतर कमरेत लाथ. 'नूर न्हाई' म्हणजे बसून राहा. आणि 'मिजाज हाय' म्हटलं की मुंडाशी उचलून सगळे गुमान घरी. शिकलेला माणूस म्हणेल, हे सगळे शब्द एकाच अर्थाचे. त्यानं एकदा त्या ओट्यावर बसून बघावं.

ह्या शब्दांवर हरिबाच्या घरी कोंबड्या यायच्या, गूळ यायचा. गाव त्याला वाट सोडायचं आणि त्याला त्याचा लई ताठा होता.

मग त्याचाच पोरगा गढीच्या कोठीत पडला.

निजामाचा कुणी अंमलदार दौऱ्यावर आला होता. त्याचं सामान डोक्यावर घेऊन युसूफवडगाव नावाच्या गावापर्यंत चाला, अशी वेठ निघाली. हरिबाचा पोरगा बंकट म्हणाला, "माझी ज्वारी काढणीला आलीया. मी येत न्हाई." एवढंच. देशमुखानं त्याचे हात मागं बांधून कोठीत टाकलं आणि चाबकाचे पंचवीस कोरडे फर्मावले. चौथ्या दिवशी, बाजाराला, सगळ्यांदेखत.

पहिल्या सकाळी हरिबाची बायको चंद्रभागाबाई ओट्यावर गरजूंच्या रांगेत येऊन बसली. हरिबा बाहेर आला आणि सवयीनं बोलला, "मिजाज हाय."

दुसऱ्या दिवशी म्हणाला, "नूर न्हाई."

"अवो, तुमचा पोरगा हाय त्यो," ती म्हणाली. "हातं सुजल्यात त्याची. मला कावून शब्द सांगता? आत जाऊन इचारा की."

"मला शिकवू नगस. अवेळी तोंड उघडलं तर पंचवीसचं पन्नास व्हतील. तीस वर्सं त्याचं तोंड बघतोय मी."

तिसऱ्या सकाळी चूळ थेट तुळशीपर्यंत गेली. आदल्या दिवशी देशमुखानं सोंगट्यांत पाहुण्याला हरवलं होतं. तांब्या अलगद ठेवला गेला. अशी तब्येत वर्षात दोनदा लागायची. हरिबा तिथंच पायावर पडला.

"ऊठ बे," देशमुख हसत म्हणाला. "लेकासाठी ना? तू बाहेर माझी मर्जी इकतोस म्हणं. कोंबड्या खातोस तिच्यावर."

"न्हाई, सरकार..."

"भिऊ नगस. आज गंमत करू. मर्जीला दुसरे शब्द किती ते सांग. जितके सांगशील तितके कोरडे कमी. तिरंबक, मोज!"

त्रिंबक कारकून बोटं उघडून बसला. बंकटला आणून खांबाला बांधलं.

"मिजाज, तब्येत, लहर, नूर," हरिबा घडाघडा बोलला. मग थांबत थांबत, "रंग. कल. हुक्की. तार."

"आठ," त्रिंबक म्हणाला.

"राग."

"मला राग येत न्हाई. बाद!"

हरिबाला पुढचा शब्द सुचेना.  बाहेर ओट्यावरच्या गरजूंतला बबनराव कोळपेवाला ओरडला, "मन म्हणा, हरिबा!" दुसरा ओरडला, "चित्त!" देशमुखाला आणखीनच मजा वाटली. त्यानं तेही धरले.

"धा. पंधरा ऱ्हायले," त्रिंबकानं मोजलं.

"बाबा, गप बसा," बंकट खांबावरून म्हणाला. "खातो मी पंधरा."

तेवढ्यात चंद्रभागाबाई दिंडी ढकलून आत आली. त्या चौकात गावातली बाई कधी आली नव्हती.

"एक ऱ्हायला," ती म्हणाली. "माज. त्याला माज म्हणत्यात. तुमी सांगितली ती समदी त्याची लुगडी हायती."

 हरिबानं देशमुखाच्या तोंडाकडं पाहिलं. जे दिसलं त्याला त्याच्यापाशी शब्द नव्हता. तो धावला आणि बायकोच्या तोंडात मारली. एक, दोन. तिच्या कानातून रक्त आलं.

 देशमुख पोट धरून हसला.

"वा बे! तिरंबक, हे दोन धर. ऱ्हायले तेरा. मार, हरिबा, थांबलास कावून? तितके कमी हुतील."

हरिबाचा हात खाली राहिला. बंकट दोरी ताणून शिव्या देत होता. चंद्रभागाबाईनं पदर कमरेला खोचला.

"मारा," ती म्हणाली. "पोरगं सुटतंय तर मारा."

त्यानं मारलं. त्रिंबकानं मोठ्यानं मोजलं. आठव्याला ती बसली, उरलेले बसलेलीला. तेरा पुरे झाले तेव्हा देशमुख तिथं नव्हताच. कंटाळून आंघोळीला गेला होता.

बंकटला सोडलं. त्यानं आईला उठवलं आणि बापाच्या अंगावरून, खांबावरून जावं तसा निघून गेला. दोघं घरी थांबले नाहीत. शेतात उभी ज्वारी सोडून इंग्रजी हद्दीच्या वाटेला लागले.

त्रिंबक कान खाजवत हरिबाला म्हणाला, "पयल्याच दिशी इचारायचं हुतंस, येड्या. तवा घुश्शात हुता, लाथ घालून सोडलं असतं. घुश्शात त्याला मोजायला सुचत न्हाई."

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चूळ पुन्हा तुळशीपर्यंत गेली. हरिबा बाहेर आला. ओट्यावर सहाजण होते. त्याच्याकडं कुणी मान वर करून पाहिलं नाही.

"तब्येत हाय," तो म्हणाला.

बबनराव शेजारच्याला, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "म्हंजी आज माज जरा बरा हाय."

कुणी हसलं नाही. मागायला कुणी उठलंही नाही.

आतून देशमुखानं आवाज दिला, "काय म्हणत्यात रे?"

हरिबा दिंडीत आडवा उभा राहिला. आपला उजवा हात त्यानं धोतरात पुसला.

"मर्जी इचारत्यात, सरकार."