दोघांपुरतं छत

अठ्ठावीस इंच

"हवालदार, छप्पर गाडीचं कापायचंय का घराचं? तेवढं एकदा सांगा," धुळा म्हणाला. ग्राइंडरची वायर बोर्डात खुपसून तो पाच मिनिटं दारात उभा होता.

नानासो सोप्यात भिंतीशी उकिडवे बसले होते. टेपचं एक टोक अंगठ्यानं फरशीवर दाबलेलं, दुसरं भिंतीवरच्या काळपट डागावर. डाग बशीएवढा होता. पिवळ्या रंगात तेल इतकं मुरलेलं, की दोनदा हात मारूनही तो वर आला होता.

"अठ्ठावीस," ते म्हणाले. "लिही."

"कशाचं माप म्हनं हे?"

"बसलेल्या माणसाचं."

धुळानं डागाकडं नीट बघितलं. फाट्यावर त्याचं वेल्डिंगचं दुकान होतं. बाप माण तालुक्यात मेंढरं राखायचा, पोरगा लोखंड जोडायला शिकला. नानासोंच्या घरी त्याचं पंधरा वर्षांचं येणं-जाणं. त्यामुळं त्याला उमगलं. अंजनाकाकू इथंच बसायच्या. शेंगा फोडताना, तांदूळ निवडताना, कुणाची वाट बघताना. डोकं मागं टेकून. चार वर्षं झाली, त्या पुण्याला लेकीकडं होत्या.

"काकूंचं व्हय?"

"वर डोक्याचं तीन, मोकळं एक. बत्तीस. गाडीत सीटपासून छत सदतीस हाय. किती काढायचं?"

"पाच," धुळा म्हणाला आणि लिहून घेतलं.

सव्वाशे किलोमीटर

महिन्याभरापूर्वी गाडी मिळाली होती माधवनगरला, एका बंद पडलेल्या यंत्रमागाच्या शेडमागं. जुनी अँबॅसिडर. विकणारा उदयसिंह भला माणूस निघाला.

"काका, खोटं कशाला बोलू? हिच्यात इंजिन तेवढं गाडीचं हाय. बाकी सगळं कोंबड्यांचं."

खरंच मागच्या सीटवर एक कोंबडी अंड्यावर बसली होती. ती उठली नाही. तिला न हलवता नानासोंनी गाडी बघून घेतली. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा गेलेला. आतून गवत दिसत होतं. मागचा डावा दरवाजा दुसऱ्याच गाडीचा, हिरवा. बाकी गाडी पांढरी होती म्हणायची. डिकी लागत नव्हती, लागली तर उघडत नव्हती. स्टेअरिंग उजवीकडं वळवलं की हॉर्न आपोआप वाजायचा.

"चालेल," नानासो म्हणाले.

"न्हाई हो काका, चालत न्हाई. ढकलावी लागंल."

पिकअपवर घालून सव्वाशे किलोमीटर, फलटणच्या अलीकडं त्यांच्या गावापर्यंत. वाटेत पिकअपवाल्यानं विचारलं, की नीट करून लग्नाला भाड्यानं देणार का? नानासो म्हणाले, न्हाई. मग शाळा-कॉलेजच्या पोरांना? न्हाई. मग करणार काय हिचं?

"हॉट रॉड."

पिकअपवाल्यानं मान हलवली. एखाद्या औषधाचं नाव ऐकल्यासारखी.

एक फोटो, तळहाताएवढा

हा शब्द त्यांना कांगोत मिळाला होता. लष्करातून निवृत्त व्हायच्या दोन वर्षं आधी ते तिथं शांतिसेनेत होते. वर्कशॉपच्या शेजारच्या तंबूत एक परदेशी मेकॅनिक होता, उंच, लालबुंद, बोलका. त्यानं पाकिटातून फोटो काढून दाखवला. जुनी गाडी, मनासारखी कापून-छाटून केलेली, बॉनेटच नाही, इंजिन उघडं, छत इतकं खाली ओढलेलं की खिडक्यांच्या नुसत्या फटी उरलेल्या. आत दोन डोकी. तो आणि त्याची बायको. मागची सीट काढून टाकलेली.

"टू," तो दोन बोटं दाखवत म्हणाला. "ओन्ली टू."

नानासोंनी तो फोटो परत दिला, पण मनातून तो गेला नाही. चोवीस वर्षं त्यांनी गाड्या चालवल्या आणि दुरुस्त केल्या. साहेब नेले, साहेबांच्या बायका नेल्या, पेशंट नेले, पीठ नेलं. स्वतःची बायको शेजारी बसवून एकदाही कुठं गेले नाहीत. मोटारसायकल होती, तिच्यावर अंजना मागं बसायची आणि जे बोलायची ते वाऱ्यात जायचं. "काय?" असं ते ओरडून विचारायचे. "काय न्हाई," ती म्हणायची.

निवृत्त झाल्यावर फिरू, असं ठरलं होतं. निवृत्त झाले तर लेकीचं, क्रांतीचं शिक्षण. मग तिचं लग्न. मग नानासोंची आई अंथरुणाला खिळली, ती सहा वर्षं, आणि अंजना तिच्या उशाशी. म्हातारी गेली आणि पुढच्याच महिन्यात क्रांतीला मुलगी झाली. अंजना महिनाभर म्हणून पुण्याला गेली.

गाडी झाली की ती येईल, असं नानासो कुणाला बोलले नव्हते. क्रांतीनं तर सांगूनच टाकलं होतं, की दिवाळीनंतर घराला कुलूप लावा आणि इकडंच या. म्हणजे हातात होते दोन महिने. त्यात खंडेनवमीला अंजना दोन दिवस येणार होती.

एकही नाही

पहिल्या तीन आठवड्यांत नानासोंनी एकही कट मारला नाही.

लष्करात गाडीला मूळचा नसलेला एक बोल्ट लावला तरी लेखी उत्तर द्यावं लागे. ती सवय हाडात बसलेली. तळाचा पत्रा बदलून तो पाण्यानं तपासला. इंजिन उतरवून, उघडून, जसं होतं तसं बसवलं. हॉर्नचं दुखणं काढलं. डिकी लागू लागली, उघडूही लागली. हिरव्या दरवाजाला पांढरा रंग द्यायला घेतला, तेव्हा धुळानं ब्रश काढून घेतला.

"हवालदार, आता हिला परत सायबाला द्यायचीया का?"

नानासो फडक्यानं हात पुसू लागले.

"तुमी गाडी नीट करायला लागलाय. तुमाला ती बिघडवायची हुती न्हवं?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी भिंतीवरच्या डागाला टेप लावला.

पाच इंच

खडूनं खुणा केल्या. पुढचे दोन खांब, मधले दोन, मागचे दोन. ग्राइंडर धुळाच्या हातात होता. नानासोंनी तो मागून घेतला. पातं पुढच्या खांबाला लागलं आणि ठिणग्या त्यांच्या मनगटावर पडल्या. त्यांना कुणीतरी नावानं हाक मारून जाब विचारील असं वाटत होतं. कुणी मारली नाही. समोरच्या उसात एक बगळा तेवढा उडाला.

छत उचललं, पाच इंचाचे तुकडे काढले, परत ठेवलं, आणि ते जुळलं नाही. पुढचे खांब तिरके होते. खाली येताना पुढं सरकले. छत चार बोटं आखूड पडलं.

"चुकलं," नानासो म्हणाले.

"चुकलं न्हाई. छत मधोमध कापायचं आन पट्टी भरायची. पत्रा हाय का घरात?"

नानासो आत गेले आणि लष्करातली काळी ट्रंक ओढत बाहेर आले.

"आवं, ही न्हाई. ह्यो पत्रा पातळ हाय, आन ही…"

"मग दोन थर घाल. काप."

ट्रंकेवर पांढऱ्या रंगात त्यांचा नंबर आणि नाव होतं. धुळानं पट्टी कापली, आणि अक्षरांची बाजू न विचारता आतल्या अंगाला लावली.

फोन, रविवारी

"जेवलासा का?"

"व्हय."

"काय?"

"भाकरी. वांगं."

"कोन करतंय भाकरी?"

"मीच. तुझं?"

"हितं काय, कुकर. आवं, क्रांती म्हनतीया तुमी गाडी फोडलीसा."

"फोडली न्हाई. कापली."

"का वो?"

"तू ये, मग दाखवतो."

"मागची शीट काडली म्हनं. मग मागं कोन बसनार?"

"कोण न्हाई. दोघांचीच हाय."

पलीकडं टीव्ही लागला होता. कार्टूनमधलं कुणीतरी गाणं म्हणत होतं.

"अंजना?"

"आज्जीला बोलावतीया ही. ठेवू का?"

सहाशे मीटर

खंडेनवमीला सकाळी अंजना आली. एसटीतून उतरली, पिशवी घेऊन चालत आली आणि अंगणात थबकली.

गाडीला बॉनेट नव्हतं. पुढची काच नव्हती. छत बसकं, पट्टीच्या जागी काळं, बाकी पांढरं, एक दरवाजा हिरवा. पुढं कुपवाडच्या एका कंपनी-बसमधून आणलेल्या दोन कडक, उंच पाठीच्या सीटा. डावीच्या पाठीवर नवा पांढरा टॉवेल, साहेबांच्या गाडीत असतो तसा, कडा सरळ, एकही सुरकुती नाही.

"अगं बया," अंजना म्हणाली. "हिला कुनी मारलं?"

धुळा खो-खो हसला. "काकू, हवालदारांनीच. मी नुसता धरून हुतो."

हत्यारांची पूजा झाली. ग्राइंडरला, पान्यांना, टेपला हळदकुंकू लागलं. उघड्या इंजिनाला झेंडूची माळ घातली. मग नानासोंनी डावा दरवाजा उघडून धरला. तो लावून मागं सरले तेव्हा त्यांचा हात आपोआप कपाळाकडं निघाला होता. तो त्यांनी वाटेतच थांबवला.

कापलेली गाडी कायद्यानं रस्त्यावर चालत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. ते कालव्याच्या भरावानं निघाले. घरापासून पुलापर्यंत सहाशे मीटर. इंजिन दोनदा खोकलं आणि लागलं. समोर काच नसल्यामुळं माळेतली फुलं एकेक करून आत येत होती.

"आवं!" अंजना ओरडली आणि हसली. पदर तोंडावर धरला. मग वर बघितलं. "हे तर तुमच्या ट्रंकेचं."

"व्हय."

"कापलीसा तीबी?" तिनं बोट लावलं. इंग्रजी अक्षरं तिला वाचता येत नव्हती. तिनं मान खाली घातली आणि न बघता नंबर म्हणून दाखवला, पहिल्या आकड्यापासून शेवटच्यापर्यंत. "तुमच्या पत्राच्या पाकिटावर लिवायची न्हवं का. अजून पाठ हाय."

नानासोंना बोलायचं होतं. इतक्या वर्षांनी ती शेजारी होती आणि तिचं बोलणं वाऱ्यात जात नव्हतं. ते तिच्याकडं वळले आणि त्यांचं लक्ष छताकडं गेलं. तिच्या डोक्यावर एक इंच मोकळं हवं होतं. तिथं चांगली चार बोटं मोकळी दिसत होती. सीट दबली असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

पुलावर गाडी थांबवली. खाली पाणी चाललं होतं.

"मागं कोन न्हाई, म्हनून कसं मोकळं वाटतंय," ती म्हणाली. "कायम कोनतरी मागं असायचंच."

"अंजना, मी म्हणत हुतो—"

तिच्या पिशवीतला फोन वाजला. क्रांतीचा आवाज त्यांनाही ऐकू येत होता. "आई, ती भातच खात नाहीये गं. सारखी दाराशी जाऊन बसते. उद्याच्याऐवजी आजच येशील का?"

अंजनानं नवऱ्याकडं बघितलं. नानासोंनी गाडी फिरवली.

पाचची एसटी होती. थांब्यावर ती म्हणाली, "काय म्हनत हुतासा पुलावर?"

"काय न्हाई."

"दिवाळी झाली की तुमी तिकडं या. हितं एकट्यानं किती दिस भाकऱ्या थापायच्या?"

"गाडी?"

"तितं गाडी लावाय एकच जागा हाय. जावयाची हाय त्यात."

"बघू," ते म्हणाले. एसटी आली. चढताना तिनं दांडा दोन्ही हातांनी धरला आणि एका पायरीवर जरा थांबली. आधी थांबत नसे.

साडेपंचवीस

दसऱ्याच्या सकाळी ते टॉवेल काढायला गेले. घडी करून ठेवायचा होता.

टॉवेलवर डाग पडला होता. लहान, रुपयाएवढा, तेलाचा. नानासो त्याच्याकडं बघत राहिले. मग घरात जाऊन टेप आणला. त्यावर अजून कालचं कुंकू होतं. सीटवर एक टोक धरून दुसरं डागाला लावलं.

साडेपंचवीस.

त्यांनी परत मोजलं. सीट मुठीनं दाबून बघितली. अर्धा इंच दबत होती. ते आत सोप्यात गेले, भिंतीवरचा डाग मोजला. अठ्ठावीस. तो काही हलला नव्हता. इथं बसणारी अंजना आणि काल गाडीत बसलेली अंजना यांच्या उंचीत दोन इंचांचा फरक पडला होता, आणि तो पडत असताना नानासो तिथं नव्हते.

टॉवेल त्यांनी काढला नाही. धुळाला फोन लावला.

"ग्राइंडर घेऊन ये."

"आज? आवं, सनाचा दिस हाय. काय मोडलं का?"

"मोडलं न्हाई. छत अजून दोन इंच खाली घ्यायचं."

"अजून? हवालदार, काकू बसतील हो. पन तुमचं डोकं कुठं जानार?"

"मी वाकून बसीन."

धुळा म्हणाला, "सोनं वाटून येतो."

नानासो गाडीत शिरले. स्टेअरिंग धरलं आणि मान दोन इंच खाली घेऊन बघितली. कालवा दिसत होता. पूलही दिसत होता.