डोक्यांची सुट्टी

डिसेंबर लागला की टोपवाल्या बाईंची झोप उडायची. बाकीच्या जगाला डिसेंबरात सुट्ट्या दिसतात. बाईंना डोकी दिसायची. लाकडी, गुळगुळीत, नाटकातल्या राजाराण्यांचे टोप घालून ओळीने बसलेली डोकी! लेक सुट्टीला घरी यायच्या आत ती कुठे दडवायची, हा दरवर्षीचा घोर.

बाई नाटकांसाठी केसांचे टोप करत. बारीक आकड्याने एकेक केस जाळीत ओवायचा, गाठ मारायची, पुढचा केस घ्यायचा. घाई करणाऱ्याचं हे कामच नव्हे. आधी त्या स्वयंपाकघराच्या टेबलावर बसायच्या आणि त्यांच्या नवऱ्याच्या, म्हणजे मास्तरांच्या ताटात केस यायचे. मग लेक दूरच्या शहरात नोकरीला गेली, तिची खोली रिकामी झाली आणि त्या खोलीत एक डोकं गेलं. 'तेवढ्यापुरतं,' असं बाईंनी स्वतःलाच सांगितलं होतं. पाठोपाठ दुसरं गेलं. मग टेबल, दिवा, केसांच्या जुड्यांचं कपाट. बघता बघता लेकीच्या पलंगावर दाढ्या वाळू लागल्या.

दार लावून घेता येईल अशी स्वतःची जागा बाईंना उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच मिळाली होती. ती सोडायची त्यांची काडीइतकी इच्छा नव्हती. पण हे लेकीला सांगायचं कोणत्या तोंडाने? "टोपांचं काम कधीच सोडलं, तुझी खोली आहे तश्शी ठेवलीय गं," असं त्या फोनवर सांगायच्या आणि सांगता सांगता राजाची दाढी विंचरायच्या.

त्यामुळे डिसेंबर आला की खोली 'आहे तशी' करावी लागे. कपाटामागे गुंडाळून ठेवलेलं कुठल्याशा लांब केसांच्या गायकाचं पोस्टर पुन्हा भिंतीवर चढे. एका डोळ्याचं अस्वल उशीवर येऊन बसे. डोकी मात्र घरभर पांगत. काही गॅलरीत चादरीखाली, काही पिठाच्या डब्यामागे, एक मास्तरांच्या कपाटात.

"अगं, शर्ट काढायला गेलो तर प्रधानजी माझ्याकडे रोखून बघतायत," मास्तर म्हणाले.

"मग तुम्ही बघू नका त्यांच्याकडे."

मास्तर जन्मभर भूगोल शिकवून निवृत्त झाले होते. नदी कुठे उगम पावते हे ते झोपेतही सांगतील, पण खोटं बोलायची वेळ आली की त्यांची मान आपसूक खाली जायची. म्हणून बाईंनी त्यांना बजावून ठेवलं होतं, की लेकीने काहीही विचारलं तरी तुम्ही तोंड उघडायचं नाही.

यंदा नेमकं संकट दुहेरी होतं. नव्या वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात एका कंपनीचं नवं नाटक लागणार होतं आणि सगळा दरबार बाईंच्या गळ्यात होता. कंपनीचे मालक सकाळ-संध्याकाळ फोनवर रडायचे. "बाई, राणी अजून टकलीच आहे हो!" आणि इकडे लेक दारात बॅग घेऊन उभी. लाडाचं नाव ढमी. आता अंगाने काडी झाली होती, तरी नाव काही सुटलं नव्हतं.

ढमी खोलीत शिरली, अस्वलाला एक चापट मारली आणि पलंगावर आडवी झाली. बाईंना आनंद झाला. खोटं कशाला सांगा, पोरगी दिसली की त्यांच्या जिवात जीव यायचा. पण त्याच वेळी त्या मनात म्हणाल्या, आता काम करायचं कुठे?

घरात आतून कडी लागणारी दुसरी जागा एकच होती. ढमी उठायच्या आधी बाईंनी राणीचं डोकं पदराखाली झाकून बाथरूममध्ये नेलं, बादली उपडी करून तिच्यावर बसवलं आणि समोर स्टूल टाकून कामाला लागल्या. सकाळी तास-दीड तास, दुपारी तितकाच वेळ. बाहेर मास्तर पाय जुळवून येरझारा घालत आणि अगदीच असह्य झालं की शेजाऱ्यांकडे जात.

डिसेंबरात माणसं गेल्या वर्षाचा विचार करतात. बाईंनीही केला, फक्त बादलीसमोर बसून. लेक घरी आलेली आणि आपण कडी लावून आत बसलोय. ती कधी जाईल हे मनातल्या मनात मोजतोय. आपण आई आहोत की घरमालकीण? लेक राहावी असंही वाटत होतं आणि खोली परत मिळावी असंही. दोन्ही खरं होतं, आणि एवढ्याशा बाथरूममध्ये दोन्ही मावत नव्हतं. त्यांनी एक सुस्कारा सोडला आणि राणीच्या कपाळावर आणखी एक पांढरा केस ओवला.

बाईंनी सगळी काळजी घेतली होती, एका जाळीची सोडून. बाथरूमच्या मोरीची जाळी. आंघोळीला गेलेल्या ढमीच्या पायाशी पाणी तुंबलं. तिने जाळी उचलली तर हातात केसांचा हा एवढा पुंजका आला. काळे केस, पांढरे केस, हातभर लांब. त्यातला पांढरा केस तिने उजेडात धरला.

आई तासन्‌तास कडी लावून बसते. आईचे मूठ-मूठ केस गळतायत. आई नजर चुकवते. ढमी टॉवेल गुंडाळून तशीच खाली बसली.

त्यानंतर ती तडक मास्तरांकडे गेली. "बाबा, आईला काय झालंय? खरं सांगा."

मास्तरांची मान खाली गेली.

"बाबा, गंभीर आहे का?"

तोंड उघडायचं नाही, असा हुकूम होता. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "तुझ्या आईलाच विचार, बाळा." घोगरा आवाज सर्दीचा होता, पण ते ढमीला कोण सांगणार?

दुसऱ्या दिवसापासून बाईंची धडगत राहिली नाही. ढमीने मैत्रिणींचे सगळे बेत रद्द केले. बाई उठल्या की ही हात धरायला हजर. बाई बसल्या की पाठीशी उशी. जेवायला मिठाचा कणही नसलेलं पातळ सूप, तेही चमच्याने भरवलेलं. बाथरूमकडे वळल्या की ही दाराबाहेर. "आई, कडी लावू नकोस हं. आई, बोलत राहा." बाई आतून हवापाण्यावर बोलत राहिल्या आणि तेवढ्या गडबडीत राणीचा भांग डावीकडे पडला. सगळा उसवून पुन्हा करावा लागला.

'पोरगी किती मायाळू झालीय,' बाईंना वाटलं आणि अपराधी वाटून घास उतरेना. घास उतरत नाही हे बघून ढमीने शेवटचा निर्णय घेतला.

संध्याकाळच्या चहाला तिने दोघांना समोर बसवलं. डोळे सुजलेले होते, पण आवाज खंबीर.

"मी ठरवलंय. मी नोकरी सोडतेय. आता कायमची इथेच राहणार. माझ्या खोलीत."

मास्तरांना ठसका लागला. बाईंच्या हातातली बशी टेबलावर आपटली.

"नाही!" बाई ओरडल्या. इतक्या मोठ्याने, की त्यांच्या त्याच दचकल्या.

"आई, मला सगळं कळलंय. लपवू नकोस."

"कळलंय?" बाईंचा चेहरा उतरला. "पिठाच्या डब्यामागचीसुद्धा सापडली?"

"पिठाच्या डब्यामागे काय?" ढमीने घाबरून विचारलं. "औषधं?"

मास्तरांना आता राहवेना. ते उठले, आत गेले आणि प्रधानजींना काखोटीला मारून आणून चहाच्या किटलीशेजारी ठेवलं. "हे घे. माझा शर्ट तरी मोकळा होईल."

मग काय, सगळं बाहेर आलं. डोकीही आणि हकिकतही. ढमी आधी हसली, मग हमसून हमसून रडली. मग एकदम भडकली. "मी चार दिवस तू मरणार म्हणून रडतेय आणि तू आत टोप करत होतीस?" आणि सगळ्यात शेवटी, अगदी बारीक आवाजात, "म्हणजे माझी खोली आता माझी नाही."

बाईंना वाटलं, म्हणावं, छे गं, तुझीच आहे. जिभेवर आलंही होतं. पण ते खोटं त्या किती वर्षं बोलत होत्या!

"नाही राहिली," बाई म्हणाल्या. "मला हवीय ती. तू ये, दर सुट्टीला ये, नाही आलीस तर मला करमत नाही. पण खोली मी देणार नाही."

ढमी उठून खोलीत गेली. आतून टर्रकन आवाज झाला. गायक भिंतीवरून उतरला होता. "हा मला बारावीतच आवडेनासा झाला होता," ती दारात येऊन म्हणाली. नाक लाल होतं. राग पुरता गेलेला नव्हता. "मी हॉलमध्ये झोपेन. पण टीव्हीचा रिमोट माझा."

"कबूल," मास्तर म्हणाले. रिमोट त्यांचा होता, पण आता बाथरूम मिळणार होतं.

रात्रीच्या जेवणाआधी राणीचा टोप जिवंत डोक्यावर बसवून बघायचा होता. मास्तरांचं डोकं त्या कामाचं नव्हतं, तिथे टोप घसरायचा. बाईंनी ढमीला दिव्याखाली स्टुलावर बसवलं आणि तिचे केस चापून बसवायला हात घातला.

हात तिथेच थांबला. बाई दिवसभर केसांतच असायच्या, कुणाकुणाच्या, कुठून कुठून आलेल्या. या केसांना त्यांनी वेणी घालणं सोडल्याला किती वर्षं झाली, हे त्यांना आठवेना. कानामागे दिव्याच्या उजेडात काहीतरी चमकलं.

"ढमे, तुला पांढरा केस आलाय गं."

"तुझ्यामुळे. याच चार दिवसांत आला असणार."

बाई हसल्या. पोरीने डोकं मागे टेकवलं, बाईंच्या पोटावर, आणि डोळे मिटले. टोप बाजूला तसाच राहिला. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे मालक होते, आणि राणी अजूनही टकलीच होती.

"होईल हो, जरा दम धरा," बाई म्हणाल्या. "आत्ता माझ्या हातात खरं डोकं आहे."