गप्पांचं टेबल

विद्यापीठाच्या ग्रंथालयामागे अभ्यास-मदत केंद्र होतं. वरच्या वर्गातली मुलं तिथे खालच्या वर्गातल्यांना गणित, संख्याशास्त्र, निबंधलेखन असं काय काय शिकवायची. केंद्र सांभाळणाऱ्या बाई कामाला वाघ होत्या, पण वर्ष संपत आलं की त्यांना धास्ती वाटायची. तयार झालेले ट्यूटर पदव्या घेऊन भुर्रकन उडून जायचे आणि इतक्या दिवसांत कमावलेली सगळी अक्कल डोक्यातच घेऊन जायचे. नव्या पोरांना पुन्हा अ-आ-इपासून सुरुवात.

"अरे, निम्मं तरी लिहून ठेवा रे," बाई कळवळून सांगायच्या. मुलं माना डोलवायची आणि विसरायची.

त्या मुलांत एक 'पाल्हाळ' होता. संख्याशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला. एक वाक्य विचारलं तर दहा ऐकवायचा, म्हणून हे नाव. बाहेरच्या खोलीत कडा सोललेलं एक लांबलचक टेबल होतं. शिकवून झालं की ट्यूटर तिथे टेकायचे, कुणाच्या तरी डब्यात हात घालायचे आणि मधोमध बसून पाल्हाळ सुरू व्हायचा. "तो उंच मुलगा आहे ना, त्याला अपूर्णांकच येत नाहीत. पण सांगायची लाज वाटते बिचाऱ्याला. आधी त्याला कालच्या मॅचबद्दल विचारा, मग गाडी रुळावर येते." दुसऱ्या दिवशी तो उंच मुलगा ज्याच्या वाट्याला येई, तो आधी मॅचबद्दल विचारी.

बाईंना आपल्या काचेच्या खोलीतून फक्त खिदळणं ऐकू यायचं.

एकदा डीनसाहेबांनी बैठकीत विचारलं, "तुमच्याकडचं ज्ञान जपून ठेवायची काही व्यवस्था आहे की नाही?" हे तर बाईंच्या मनातलंच होतं. त्यांनी लगेच पाल्हाळला बोलावलं. "तुला जे जे येतं ते सगळं लिहून दे मला."

बऱ्याच दिवसांनी त्यानं एक कागद आणून दिला. विद्यार्थ्याचं नीट ऐकावं. घाई करू नये. उदाहरणं द्यावीत.

"हे तर कुणीही लिहील!"

"मॅडम, समोर माणूस बसला की मला सुचतं," तो डोकं खाजवत म्हणाला. "कोऱ्या कागदाकडे बघून काहीच आठवत नाही हो."

एरवी तोंडाचा पट्टा चालवणारा मुलगा, आणि लिहायची वेळ आली की टाळाटाळ, असं बाईंना वाटलं. मग त्यांनी कंबर कसली. प्रत्येक शिकवणीनंतर ट्यूटरनं कॉम्प्युटरवर नोंद करायची: विषय कोणता, अडचण काय, समजलं का. बाहेरच्या खोलीत छोटे छोटे कप्पे करायचे, प्रत्येकात एक स्क्रीन. लांब टेबलाला आता जागाच उरणार नव्हती.

"मग पोरं बसणार कुठे?" जेवताना नवऱ्यानं विचारलं.

"बसायचं कशाला? शिकवायचं, नोंद करायची, निघायचं."

"बरं आहे, ते आपलं घर नाही, नाहीतर मलाही कप्प्यात टाकलं असतंस," तो म्हणाला. बाई हसल्या आणि विषय बदलला.

टेबल उचलायला माणसं आली, त्या सकाळी पाल्हाळ धावत आला. "मॅडम, एवढं राहू द्या. भिंतीला सरकवा हवं तर."

"गप्पा हाणायला बाहेर बाग आहे," बाई म्हणाल्या. "तुझ्या पाल्हाळाची इथे गरज नाही." त्याच्या तोंडावर आजवर त्यांनी ते नाव कधी घेतलं नव्हतं. आणि घेतलं ते सगळ्या पोरांदेखत. त्याचे कान लाल झाले. "बरं," एवढंच म्हणाला. ती टर्म संपल्यावर त्यानं केंद्र सोडलं आणि एका विमा कार्यालयात अर्धवेळ काम धरलं.

नोंदी मात्र भराभर साठत गेल्या. डीनसाहेब पाहुण्यांना मुद्दाम केंद्र दाखवायला आणू लागले. बाईंची मान ताठ झाली.

मग एका दुपारी पुस्तकांचा गठ्ठा घेतलेला एक तरुण दारात उभा राहिला. ग्रंथालय समजून चुकून इकडे आला होता. "बहिणीची पुस्तकं परत करायचीत," तो म्हणाला. "तिनं शिक्षण सोडलं."

नाव ऐकताच बाईंना मुलगी आठवली. पहिल्या वर्षाची, खुर्चीच्या काठावर बसणारी, अंगातला कोट कधीच न काढणारी. "सोडलं? अहो, ती तर इथे नेमानं यायची!"

"तेच तर. म्हणायची, दादा, सगळे इतका जीव तोडून शिकवतात, माझंच डोकं दगड आहे."

तो गेल्यावर बाईंनी तिच्या नोंदी उघडल्या. दर खेपेला ट्यूटर वेगळा आणि धडा तोच, पहिला. आणि प्रत्येकानं प्रामाणिकपणे लिहिलं होतं: समजलं. शंका नाही. उत्तम प्रतिसाद. एकानंही दुसऱ्याची नोंद वाचली नव्हती. बाईंनी तरी कुठे वाचल्या होत्या? किती जमल्या, तेवढंच त्या बघत आल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या विमा कार्यालयात गेल्या. पाल्हाळ बाहेर आला. दोघं जिन्याजवळ उभी राहिली. बाईंनी सगळं सांगितलं.

"ती भीतीपोटी 'समजलं' म्हणायची," तो म्हणाला. "नाही म्हटलं तर समोरचा कंटाळेल, असं वाटायचं तिला. मी एकदा पेन तिच्या हातात दिलं, म्हटलं, आता तू मला शिकव. आधी रडली. पण मग जमलं तिला."

"मग हे लिहिलं का नाहीस रे?"

"काय लिहू, मॅडम? मुलगी घाबरून खोटं बोलते, असं? तिच्या नावापुढे, कायमचं? असलं बोलता बोलता सांगून होतं." तो कठड्यावरचा रंग नखानं खरवडू लागला. "पण तुम्हाला येऊन सांगता आलं असतं मला. रुसलो होतो तुमच्यावर. त्यात तिचं बिचारीचं राहून गेलं."

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या. "चारचौघांत तुला तसं बोलायला नको होतं मी."

आतून कुणीतरी त्याला हाक मारली. तो आत गेला.

बाईंनी मुलीला फोन केला. ती चपलांच्या दुकानात कामाला लागली होती. "परत ये," बाई म्हणाल्या. "मी स्वतः तुझ्याबरोबर बसेन." मुलगी अगदी गोड बोलली. "तुम्ही नका वाईट वाटून घेऊ, मॅडम. तुमच्याकडचे सगळे फार चांगले होते." तिनंच आपली समजूत घालावी, हे बाईंना फार लागलं. बोल लावला असता तर बरं झालं असतं. मुलगी परत आली नाही.

पुढच्या वर्षी बाई डीनसाहेबांशी भांडल्या आणि आठवड्यातून एक तास केंद्र बंद ठेवायची परवानगी मिळवली. त्या तासात ट्यूटरनी नुसतं एकत्र बसायचं. जुनं टेबल केव्हाच भंगारात गेलं होतं. बाईंनी खुर्च्या गोल मांडल्या. सुरुवातीला पोरं मोबाईलमध्ये तोंड खुपसून बसली. एकमेकांची नावंसुद्धा त्यांना धड ठाऊक नव्हती. मग हळूहळू कुणी तोंड उघडलं, कुणी हसलं. पण बाई आत येऊन बसल्या की सगळी सावरून बसत आणि शहाण्यासारखं बोलू लागत.

म्हणून त्या तासाला बाई आता आपल्या खोलीचं दार लावून घेतात. पलीकडे बोलणं चाललेलं असतं. कोण कुणाला काय सांगतंय, ते त्यांना कळत नाही.