लुगड्याएवढी जागा

दलिचंद शेठ आवाज चढवत नाहीत, त्यामुळे त्यांचं बोलणं जास्त लागतं. दोंडाईच्याच्या त्यांच्या मिरची गोदामात मी बसवलेल्या निवडणीच्या मशीनकडे बघत ते म्हणाले, "ताई, ही आधी सरकारी ऑफिसात होती का? जेवणानंतर काम करत नाही."

खोटं नव्हतं. सकाळी पट्ट्यावरची मिरची कॅमेऱ्यासमोरून सरकायची, डागाळलेली बाजूला पडायची. जेवणाच्या सुट्टीत पट्टा आणि कॅमेरा बंद व्हायचा, आणि मग कॅमेरा परत उघडायचाच नाही. मशीन बंद करून पुन्हा चालू करा, असा सल्ला पुण्यात हेच काम करणाऱ्या जाणत्यांनी फोनवर दिला. तेवढं तर शेठनाही येत होतं, पण प्रत्येक सुट्टीनंतर ते करायची त्यांची तयारी नव्हती. उद्या दुपारी चालली नाही तर मशीन परत न्या, असं त्यांनी सांगितलं. माझी ती पहिलीच मशीन. शिवणक्लास बंद करून, पोराच्या जुन्या लॅपटॉपवर एकटीने शिकून उभी केलेली.

दुखणं मला सापडलं होतं. कॅमेऱ्याला एक चित्र ठेवायला मशीनच्या मेमरीत सलग जागा लागते, मध्ये कोणी बसलेलं चालत नाही. सकाळी ती मिळते. दुपारपर्यंत बाकीचे प्रोग्राम इथे थोडे, तिथे थोडे पसरतात. रिकामी जागा पुष्कळ, पण सगळी तुकड्यांत. म्हणून मी कॅमेऱ्यासाठी मेमरीचा मोठा तुकडा कायमचा राखून ठेवला, तर निवडणीच्या प्रोग्रामलाच जागा पुरेना आणि तो सकाळीच आडवा झाला.

डोकं धरून घरी आले. मार्च महिना, सासूबाई गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायच्या तयारीत होत्या. ते ज्यावर थापायचे ते नऊवारी लुगडं पूर्ण पसरावं लागतं, दुमडून भागत नाही. म्हणून भागाबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, गच्चीवर चुन्याची रेघ मारून ठेवलीय. रेघेच्या आत शेजारच्या कुंदाबाई खाट टाकून बसतात, त्याला हरकत नाही. मात्र त्यांनी एकदा दगडी पाटा आणून ठेवला, तेव्हा महाभारत झालं होतं.

आजही कुंदाबाई खाटेवर होत्या. सासूबाई ओलं लुगडं खांद्यावर टाकून उभ्या राहिल्या.

"बस ना, कोन नाही म्हने? पन मी लुगडं लिसन वनू का उठनं पडी."

कुंदाबाई पुटपुटत खाट ओढत पलीकडे गेल्या. लुगडं सलग पसरलं.

मी जिन्यातच थांबले. हे मी वाचलं होतं, पण लक्षात आलं नव्हतं. जागा राखायची, पण रिकामी ठेवायची नाही. ज्यांना हलवता येतं त्यांनी खुशाल बसावं, कॅमेरा आला की उठून दुसरीकडे जावं. ज्यांना हलवता येत नाही, त्यांना आत घ्यायचंच नाही. मशीनला ही सोय ठाऊक होती. सुरू होताना ती जी ओळ वाचते, तिच्यात एक शब्द आणि एक आकडा घालायचा होता, इतकंच. मी तो घातला.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर शेठ स्वतः पट्ट्याजवळ उभे राहिले. मी बटण दाबलं. कॅमेरा उघडला, पट्टा सरकला, पहिली डागाळलेली मिरची टपकन बाजूला पडली. शेठनी ती उचलून उलटसुलट पाहिली. मग घड्याळ पाहिलं, आणि संध्याकाळपर्यंत तिथून हलले नाहीत. मशीनही थांबली नाही.

"ताई," जाताना ते म्हणाले, "दुसऱ्या पट्ट्याला पण तुमचीच बसवा."

घरी येऊन सासूबाईंना लॅपटॉपवर ती ओळ दाखवली. तिच्या वर मी मराठीत टीप लिहिली होती: भागाबाईंची जागा. त्या शाळेत गेलेल्या नाहीत, म्हणून वाचून दाखवली. त्यांनी पडद्याला बोट लावलं, आणि पदराने बोटाची खूण पुसली.

सकाळी गच्चीवरून त्यांचा आवाज आला.

"ऊठ कुंदा. ही जागा आते मशीनमा बी लिखेल शे."