फाटकावरचा तांबडा दिवा

मित्रांनो, मी तिकिटे तपासणारे एक जुने यंत्र आहे. किसुमू शहरात सरोवराकाठी मोठे सभागृह आहे ना, त्याच्या कार्यालयातल्या खणात मी धूळ खात पडले आहे.

माझा जन्म कुठे झाला ते आठवत नाही. आठवते ते फाटक. फाटकावरच्या ओकुमूच्या मुठीत मी सात वर्षे काढली. तिकिटावरच्या काळ्यापांढऱ्या चौकोनावर त्याने मला धरले, की तिकीट खरे असेल तर मी हिरवे व्हायचे, खोटे किंवा आधीच वापरलेले असेल तर तांबडे. "माझी नजर चुकेल, याची नाही," असे ओकुमू चारचौघांत सांगायचा. मला त्याचा फार गर्व होता. एका शनिवारी तो पार उतरला.

त्या दिवशी अवीती नावाची मुलगी पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या मंचावर गाणार होती. तिकिटे आधीच संपली होती. दुपारी माझ्यासमोर एकच चौकोन पुन्हापुन्हा येऊ लागला. पहिल्या माणसाला मी हिरवे झाले, पुढच्या तिघांना तांबडे. कुणीतरी एकाच तिकिटाचे चित्र फोनवरून अनेकांना विकले होते. त्यातला एक तर म्हणाला, मी गायिकेचा काका आहे.

"आज अवीतीला काका-मामा फार फुटलेत!" ओकुमू मोठ्याने म्हणाला. रांग हसली.

रांगेत पाचवा होता ओडेरो, म्बिता गावचा होड्या बांधणारा म्हातारा. तो अवीतीचा खरा बाप होता. हे मला नंतर कळले, पण तुम्हाला आधीच सांगते. पाच वर्षांपूर्वी एका लग्नात, सगळ्या गावादेखत, त्याने लेकीची गिटार आपटून फोडली होती. तेव्हापासून दोघांत बोलणे नव्हते. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला, "बाबा, तुमच्यासाठी पास ठेवते." त्याने उत्तर दिले, "लेकीचं गाणं फुकट ऐकणारा बाप मी नाही," आणि फोन ठेवला.

त्याच्या मनात वेगळेच होते. आमच्याकडे पाक्रुओकची रीत आहे. गाणे चालू असताना उठायचे, नोट ठेवून गाणे थांबवायचे आणि आपल्या माणसाची थोरवी सगळ्यांना ओरडून सांगायची. गावादेखत जे मोडले, ते त्याला लोकांदेखतच जोडायचे होते. अवीतीचे एकच गाणे होते. ते संपताच ती तशीच विमानतळावर जाणार होती, दोन वर्षांसाठी परदेशी.

त्याने दोन्ही हातांनी फोन पुढे धरला. तोच चौकोन. मी तांबडे झाले.

"पुन्हा लाव रे. काच मळली असेल." त्याने कोटाच्या बाहीने फोन पुसला. मी पुन्हा तांबडे.

"काच पुसून काय होतंय, बाबा? घेतलंत कुणाकडून?"

"फोनवर एक जण विकत होता. फोनवरून पैसे पाठवताना घेणाऱ्याचं नाव आलं ना, ओगुटू! आमच्याच बाजूचं नाव. म्हटलं, आपला माणूस आहे, तो कशाला फसवील?"

"विकणाऱ्यानंही हेच नाव सांगितलं होतं?"

"नाही. म्हणाला, भावाचा नंबर आहे."

"अहो बाबा, तिथंच हात आवरायचा होता! चोरांना काय गाव नसतं?"

ओडेरोने काहीतरी सांगायला तोंड उघडले. मग त्याला ते काका-मामा आठवले असावेत. तो बाजूला भिंतीला टेकून उभा राहिला. मित्रांनो, मला जीव तोडून हिरवे व्हायचे होते. पण माझ्या हाती काहीच नव्हते.

आत गाणे सुरू झाले. पहिले कडवे संपले, दुसरे आले. एकाएकी पुढे येऊन म्हाताऱ्याने माझ्या शेजारी टेबलावर नोट आपटली.

"थांबवा गाणं!" तो ओरडला. "मी ओडेरो, म्बिताचा होड्या बांधणारा! आत गातेय ती अवीती माझी लेक! मी तिची गिटार फोडली, तिचा गळा नाही फुटला! ती माझ्याहून मोठी आहे!"

गाणे थांबले नाही. आतवर काही पोहोचलेच नव्हते.

ओकुमू मात्र पांढराफटक पडला. त्याने घाईघाईने टेबलावरचा पत्र्याचा डबा उघडला. सकाळपासून त्यात एक पाकीट होते, वर लिहिलेले, 'ओडेरो, माझे बाबा'. बापाने नको म्हटले तरी पोरीने पास ठेवलाच होता.

"नाव का नाही सांगितलंत आधी?" ओकुमूला रडू आवरेना. त्याने पाकीट फाडले, मला पासावर धरले. मी हिरवे झाले. म्हातारा धावला. तो दाराशी पोहोचला तेव्हा टाळ्या वाजत होत्या, आणि अवीती मागच्या दाराने निघून गेली होती. झाडलोट होईपर्यंत तो पहिल्या रांगेत, तिने राखलेल्या खुर्चीवर बसून होता.

पुढच्या वर्षी नवीन यंत्रे आली आणि मी या खणात आले. मित्रांनो, माझ्याकडे दोनच रंग, आणि तेही फाटकावर पोहोचल्यावर दिसणारे. तोवर उशीर झालेला असतो. म्हणून तिकीट सभागृहाच्या खिडकीवरच घ्या. विकणारा एक आणि पैसे घेणारा दुसराच असेल, तर ते नाव कितीही जवळचे वाटो, पैसे पाठवू नका. आणि एवढे करूनही कधी दारात अडलात, तर लाज गिळा आणि आपले नाव सांगा. आत कुणीतरी तुमच्यासाठी खुर्ची राखलेली असेल.